रिकाम्या गाडीचं माप

१२ फेब्रुवारी, सोमवार

टायर कंपनीवाले दर वर्षी डायरी देतात आणि दर वर्षी ती अंजू स्वयंपाकघरात पळवते. यंदाची मी लपवून ठेवली. सध्या लपवण्याची सवयच लागली आहे, त्यात ही एक भर.

तर, फियाट खाली घेतली. अप्पांची फियाट, एकोणऐंशीची, मोतिया रंगाची. मिस्त्रीकडून पुढच्या दोन्ही स्प्रिंगांचा एकेक वेढा कापून घेतला आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांतला एकेक पाटा काढून टाकला. गाडी आता दबा धरून बसलेल्या मांजरासारखी दिसते. दुकानात उभी करून मी तिच्याभोवती तीन-चार चकरा मारल्या. छत्तिसाव्या वर्षी माणसानं एवढं खूश होऊ नये, पण झालो.

अप्पांना विचारलेलं नाही. ते नांदेडला अक्काकडे आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन करून पडलेत. मार्चच्या पहिल्या रविवारी तिथं जुन्या गाड्यांचा मेळावा आहे. पुण्या-कोल्हापूरकडची पोरं अशा खाली केलेल्या फियाटी घेऊन फिरतात, मोबाईलवर लाखो लोक बघतात. आपलीही लोकांनी बघावी असं वाटलं, एवढंच. मेळावा झाला की दुसऱ्या दिवशी अप्पांना त्याच गाडीतून लातूरला आणायचं. महाशिवरात्रीच्या आत त्यांना घरी यायचंय आणि त्यांनी बजावून ठेवलंय, "येईन तर माझ्या गाडीत बसून येईन. दुसऱ्याच्या डब्ब्यात न्हाई."

अंजूला सांगितलं, अप्पांच्या गुडघ्यासाठीच केलं. गाडी जितकी खाली तितकं बसायला सोपं.

"अन् उठायला?" ती म्हणाली.

उठायला काय, बसलेला माणूस कधीतरी उठतोच, असं मी म्हणालो. तिनं पोळी उलटली.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

पिढीजात धंदा टायरचा आणि स्वतःच्या गाडीला कुठली साईज लावावी हे मला ठरेना. सोनाराच्या घरी कान टोचायला कुणी नाही, अशातली गत.

जुने टायर पाच-वीस-चौदाचे, नायलॉनचे, अरुंद आणि उंच. गाडी खाली आल्यावर पुढचं चाक वळवलं की ते मडगार्डला लागतं. म्हणजे उंची कमी हवी. दुकानात एकशे पंच्याहत्तर-सत्तर-चौदा पडून होते. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा, टायरची भिंत त्या रुंदीच्या किती टक्के उंच आहे त्याचा. तिसरा रिमचा. हे मी रोज गिऱ्हाइकांना तोंडपाठ सांगतो. तरी डोळे झाकून तो चढवला. उंची जवळपास जुन्याइतकीच भरली आणि रुंदी वाढली. आधी बाहेरून घासत होता, आता आतूनही घासायला लागला.

एकशे पासष्ट-पासष्ट-चौदा हवा. उंचीला तो जुन्यापेक्षा बराच बुटका. पण आपली मूळची चार इंची रिम त्याला अरुंद पडते. हैदराबादहून रुंद रिमा मागवल्या. त्या मडगार्डच्या कडेपर्यंत बाहेर येतील. दिसायला मात्र झकास.

२१ फेब्रुवारी, बुधवार

अप्पांचा फोन आला.

"काय करलालास?"

म्हटलं, दुकानातच आहे.

"शेषेराव म्हनत व्हता, दुपारचं शटर लावून घेलालास. ऊन लागालंय का?"

शेषेराव म्हणजे आमच्या शेजारचा शिंपी. अप्पांचा जुना दोस्त, दोघं रोज फोनवर असतात. मी म्हटलं, हो, यंदा ऊन लवकरच आलंय. मग अप्पा म्हणाले, "गाडीत मागं बसून बग येकदा. मागं बसल्याबिगर गाडी कळत न्हाई."

बरं म्हटलं. दिवसभर पलंगावर पडून माणसाला काहीबाही आठवत राहतं. अप्पांना तर गाडीशिवाय दुसरं काही सुचतच नाही.

२४ फेब्रुवारी, शनिवार

रिमा आल्या, टायर चढले. शटर लावून घेऊनच काम केलं.

त्याचं कारण लिहून ठेवतो. अप्पांची आमच्या औसा रोडवरच्या दुकानात एक रीत आहे. कंपनीची साईज सोडून दुसरी कुणी मागितली, की टायर चढवायचे, गाडी जॅकवरून खाली घ्यायची आणि गल्लीला हाक मारायची. मग शेषेराव कात्री ठेवून येणार, चहावाली गुणाबाई पातेलं उतरवून येणार, समोरच्या मोबाईलच्या दुकानातला रविकिरण येणार. गाडी माणसांनी गच्च भरली की अप्पा चाकाच्या वर, मडगार्डखाली हात घालणार. आडवी चार बोटं शिरली तर टायर पास. नाही शिरली तर गिऱ्हाइकानं कितीही गयावया केली तरी उतरवणार. "रिकाम्या गाडीचं माप घ्यायचं न्हाई. गाडी काय रिकामी पळवायला घेतेत व्हय?" ते स्वतः तर औसा रोडच्या स्टँडवर कुणी ओळखीचं दिसलं की गाडी थांबवून आत कोंबतात. मागची सीट मोकळी असलेली फियाट मी लहानपणी पाहिलेलीच नाही.

मला हाक मारता येईना. मारली असती तर गुणाबाईचं पातेलं परत चुलीवर चढायच्या आत नांदेडला फोन गेला असता. म्हणून रिकाम्या गाडीतच हात घातला. पुढं चार बोटं आरामात. मागं चौथं जरा दाबून, पण गेलं.

शटरआड स्वतःच्याच दुकानात चोरासारखा वाकून बसलो होतो, ते बरं वाटलं नाही. पण गाडी काय दिसते!

२६ फेब्रुवारी, सोमवार

अक्काचा फोन. अप्पा वॉकर घेऊन चालतात. खाली बसलं की मात्र उठता येत नाही, म्हणून तिनं पलंगाच्या पायांखाली विटा घातल्यात आणि उंच खुर्ची आणलीय. अक्काला असले उद्योग फार.

आज औशापर्यंत चक्कर मारून आलो, एकटाच. टायर बुटके झाल्यामुळे स्पीडचा काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी छपन्नच्या आसपास असते. गाडीसुद्धा फुशारकी मारायला लागली. गतिरोधकावर पोट घासलं. तिरकी घातली की घासत नाही.

अंजूला म्हटलं, चल फिरून येऊ. तिला काम होतं.

२ मार्च, शनिवार

नांदेड. अहमदपूर, लोहा करत आलो. लोह्याला चहासाठी थांबलो तर पोरांनी गाडीपाशी उभं राहून फोटो काढले. छाती फुगली, खोटं कशाला लिहू. अंजू एसटीनं आली. गाडीत सामान होतं, असं तिचं म्हणणं. सामान म्हणजे एक पिशवी.

गाडी अक्काच्या घरी नेलीच नाही, मेळाव्याच्या मैदानावर लावून रिक्षानं गेलो. अप्पांनी विचारलं, गाडी कुठंय? म्हटलं, रात्रभर तिथंच ठेवायचा नियम आहे. असा काही नियम नाही. अप्पा म्हणाले, "बरं बरं. येतो मी उद्या बगायला." मी म्हणालो, तुम्हाला त्रास कशाला, सोमवारी बसायचंच आहे. ते हसले.

३ मार्च, रविवार. दुपार, अक्काच्या गच्चीवर

खाली सगळे जेवतायत. मला बोलावून गेले, मी पोट बिघडल्याचं सांगितलं. जसं झालं तसं लिहितो, म्हणजे निदान इथं तरी खोटं नको.

सकाळी मैदानात जीपा, अँबेसेडर, एक जुनी मोटारसायकल आणि मधोमध आपली फियाट. गर्दी होती. तेवढ्यात अक्का, दाजी आणि अंजू अप्पांना घेऊन आले. अप्पा वॉकरवर. अक्काच्या हातात घडी घातलेली जाड वाकळ. एवढ्या उन्हात वाकळ कशाला आणली होती, काही कळलं नाही.

अप्पांनी गाडी पाहिली. पुढून पाहिली, मागं गेले, चाकापाशी उभे राहिले. वाकता येत नसल्यामुळे नुसतं बघत राहिले. मग एवढंच म्हणाले, "पुसून चकाचक केलास की."

त्यांचे फटके परवडले असते.

मेळावा भरवणारे नागसेन सर माईकवर होते. इथल्याच कॉलेजात शिकवतात, स्वतःची जीप आहे, माणूस हौशी. त्यांनी जाहीर केलं, आता प्रत्येक गाडीनं मैदानाला एक फेरी मारायची, घरच्या माणसांना बसवून. फियाटचं नाव आलं. मला हे माहीतच नव्हतं. म्हणजे पत्रकात असेल, मी गाडीच्या फोटोपुढं काही वाचलं नव्हतं.

"चला," अप्पा म्हणाले. अक्कानं पुढच्या सीटवर वाकळ घातली. अप्पा दाराला धरून पाठमोरे झाले आणि खाली, खाली, आणखी खाली गेले. ऑपरेशनचा पाय बाहेर ताठ राहिला. दाजींनी तो दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. डॅशबोर्ड धरलेला अप्पांचा हात पांढरा पडला होता. मागं अक्का, दाजी, अंजू बसले. एकेक जण बसला तशी गाडी मागून खाली जात होती. एक पाटा काढलेला, ती जाणारच. मी टायरचा दुकानदार, मला हे कुणी सांगायला हवं होतं?

निघालो. पहिल्याच खळग्यात मागून खर्रर्र आवाज आला. मी पुढं बघत राहिलो. दुसऱ्यांदा आला. रबर जळाल्याचा वास यायला लागला.

"संगू," अप्पा हळूच म्हणाले, "थांबव."

मी थांबवली नाही. समोर सगळी माणसं मोबाईल धरून उभी होती. थोडंच राहिलंय, असं वाटलं. वळणावर मडगार्डच्या कडेनं टायरची भिंत कापली आणि केवढ्यानं तरी आवाज होऊन गाडी उजवीकडं बसली. अक्का किंचाळली. नंतर मैदानात कुणीतरी ओरडलं, "टायरवाल्याचीच गाडी बसली!" आणि हशा पिकला.

बाकीचे उतरले. अप्पांना उतरता येईना. दोनदा जोर लावला, दोनदा खाली बसले. शेवटी दाजी आणि एका अनोळखी माणसानं काखेत हात घालून त्यांना बाहेर ओढलं. त्यांचं धोतर सुटायला आलं होतं, ते अंजूनं पुढं होऊन सावरलं. सुनेनं. सगळ्या मैदानादेखत. मी स्टिअरिंग धरून बसलो होतो, का ते सांगता येत नाही.

मी उतरलो तोवर नागसेन सर माईक घेऊन आले. वाईट हेतू नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "गाडी खाली करायचं आणि हे टायर लावायचं कुणी ठरवलं? लोकांना उपयोग होईल, म्हणून विचारून राहिलो."

मी तोंड उघडलं. काय म्हणणार होतो मला माहीत नाही. मिस्त्रीचं नाव घेतलं असतं, असं आता वाटतं.

त्याआधी अप्पा बोलले. "मीच सांगितलो त्याला. म्हातारपनी हौस आली मला. पोरगं न्हाई न्हाई म्हनत व्हतं." आणि हसले. "माजी चूक हाय, सर. टायर घेताना मान्सं भरून माप घ्यायला पायजे. लिवून घ्या."

लोक पुन्हा हसले, या वेळी अप्पांना. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. ज्या माणसानं सगळ्या औसा रोडला माप शिकवलं तो माझ्यासाठी लोकांत वेडा ठरला आणि मी मान खाली घालून उभा राहिलो. "नाही, मी केलं" हे तीन शब्द आहेत. ते आले नाहीत.

४ मार्च, सोमवार

अप्पा दाजींच्या गाडीतून लातूरला गेले. दुसऱ्याच्या डब्ब्यातून, ज्यात येणार नाही म्हणाले होते. वाकळ बरोबर नेली. बसताना मला म्हणाले, "सावकाश ये. घाई करू नगंस."

फाटलेल्या टायरच्या जागी जुनी स्टेपनी लावली, उंच नायलॉनची. गाडी रिकामी असल्यामुळे ती मडगार्डखाली मावली. तीन चाकं बुटकी, एक उंच. लोह्याला तीच पोरं होती. मी चहा घेतला नाही.

दीडशे किलोमीटर एकटा आलो. कुठंही घासलं नाही. एकट्यापुरती गाडी उत्तम आहे.

६ मार्च, बुधवार

अप्पा आजपासून दुकानात बसतात. उंच खुर्ची अक्कानं पाठवून दिली. येईल त्याला ते नांदेडचा किस्सा सांगतात: मला कशी हौस आली, पोराला कसं भरीस घातलं, मैदानात कसा आपटलो. इतका रंगवून सांगतात की गुणाबाई पदर तोंडाला लावून हसते. शेषेराव मात्र हसत नाही, माझ्याकडं बघतो आणि सुईत दोरा ओवत राहतो.

मी आतल्या खोलीत टायर रचत असतो. दुपारपर्यंत रचलेले परत काढून रचले.

अंजू माझ्याशी नीट बोलते, तेच जास्त लागतं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. रात्रीच्या जेवणाला तिनं एकच विचारलं, "अप्पा किती दिवस सांगणार आहेत हो हे?" मी म्हटलं, मला काय माहीत. "मला वाटतं, तुम्ही थांबवाल तोवर," ती म्हणाली.

७ मार्च, गुरुवार

सकाळी गाडी मिस्त्रीकडं नेली. पुढं नव्या स्प्रिंगा, मागं काढलेला पाटा परत. नशीब, मी तो विकला नव्हता. मूळच्या चार इंची रिमा पुन्हा बाहेर काढल्या. टायर एकशे पंचावन्न-ऐंशी-चौदा. उंचीला जुन्या नायलॉनच्या अगदी जवळ, रुंदीला थोडा जास्त. लातुरात नव्हता, सोलापूरच्या डीलरकडून मागवून घेतला, तो संध्याकाळच्या गाडीनं आला. दिसायला काही खास नाही. फियाट फियाटसारखी दिसते.

उद्या चढवायचे. शटर उघडं ठेवून.

अप्पांना अजून काही बोललो नाही. दोनदा खुर्चीपर्यंत गेलो. एकदा पाणी हवंय का विचारलं, एकदा पंखा वाढवला.

८ मार्च, शुक्रवार. महाशिवरात्र

सकाळी अप्पांची पूजा झाली. खाली बसता येत नाही म्हणून त्यांनी खुर्चीवर बसूनच इष्टलिंग हातात घेतलं. नंतर म्हणाले, सिद्धेश्वराला जाऊन यावं वाटतंय, जत्रा भरली असंल. दाजींची गाडी नाही, रिक्षात पाय दुमडावा लागतो. मी म्हटलं, दुकानात चला आधी.

गाडी दुकानासमोर रस्त्यावर घेतली, भर उन्हात. टायर चढवले, जॅक काढला. अप्पा खुर्चीवरून बघत होते. आता पुढचं काम उरलं. गल्लीला हाक मारायची. मी कधी मारलेली नव्हती, ते अप्पांचं काम. मग एकेकाच्या दुकानात चालत गेलो.

आधी शेषेरावकाकांकडं. म्हटलं, काका, माप घ्यायचंय, बसायला येता का. ते कात्री ठेवून उठले. मी तिथंच म्हणालो, "काका, नांदेडचे टायर अप्पांनी नव्हते सांगितले. मी लावले. त्यांना न विचारता. शटर लावून."

"हाव," ते म्हणाले आणि चपला शोधायला लागले. त्यांना काही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. शिंप्याला कशाचंच वाटत नसावं.

तेच गुणाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "अगं बया, अन् म्या दोन दिस म्हाताऱ्याला हसलालेय." आणि पातेलं उतरवलं. तेच रविकिरणला. दर वेळी शब्द जास्त जड झाले, सवय वगैरे काही झाली नाही. रविकिरणच्या दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनीही ऐकलं.

तिघं मागं बसले. गुणाबाई म्हणाली, सरका जरा, मला काय खिडकीतून बाहेर काढता का. मी चाकापाशी गेलो.

"थांब," अप्पा म्हणाले. "पुढली जागा रिकामी हाय."

वॉकर घेऊन आले. दाराला धरलं, पाठमोरे झाले आणि बसले. फारसं खाली जावं लागलं नाही. पाय त्यांनी आपला आपण आत घेतला.

"अप्पा," मी म्हणालो. खिडकीपाशी उभा होतो. मागं तिघं होते, रस्त्यावरून लोक जात होते. "लोकांना तुमचं नाव सांगू नका आता. मी केलं ते. तुम्ही बोलला तेव्हा मी तिथंच बोलायला पाहिजे होतं."

अप्पा काचेतून समोर बघत होते.

"हात घाल," ते म्हणाले.

मी मागच्या चाकापाशी गुडघ्यावर बसलो आणि मडगार्डखाली हात घातला. एक बोट, दोन, तीन, चार. चारही आडवी गेली, वर जागा उरली. तरी हात काढवेना. चाकाआड तोंड होतं ते बरं झालं. दुसरा हात डोळे पुसायला मोकळा होता, सगळा काळा झालेला असला तरी.

"आरं, किती येळ?" आतून अप्पांचा आवाज आला. "बोटं मोजालास का तारे?"

"चार," मी खालूनच ओरडलो. "चार हायेत, अप्पा."

"मग उतरू का आम्ही?" गुणाबाई म्हणाली. "माजा चहा वाट बघलालाय."

"नाही," मी म्हणालो. "उतरू नका. कुणीच उतरू नका. बसा तसेच, सिद्धेश्वराला जाऊन येऊ."